यासीनचे उजवीकडचे पास

माणूस एका जागी बसून धंदा करायला लागला की किस्से आपोआप त्याच्याकडे चालत येतात. माझं बर्फाचं दुकान आहे आगरदांड्याच्या जेटीला. दिघीची फेरीबोट सुटायला वेळ असला की लोक माझ्या बाकड्यावर टेकतात, आणि टेकलेला माणूस गप्प बसत नाही. त्यात मी आमच्या फुटबॉल टीमचा मॅनेजर. आधी गोलकीपर होतो. पोट सुटलं आणि गोल मला लहान पडायला लागला, असं दिनेश सगळ्यांना सांगत फिरतो. हा दिनेश आमचा फॉरवर्ड. पळणं कमी, बोलणं जास्त!

टीमने आजवर एकही टुर्नामेंट मारलेली नाही. किस्से मात्र ढीगभर. बरेचसे हसण्यासारखे आहेत, ते तुम्हाला कोणीही सांगेल. मी सांगतो ते जरा वेगळे. हे किस्से निघाले की दिनेशसुद्धा मध्ये तोंड घालत नाही, यावरून काय ते समजा.

*

आधी आमचं ग्राउंड समजून घ्या. जेटीच्या पलीकडे ओहोटीला वाळू उघडी पडते, ते आमचं ग्राउंड. भरतीला तिथे होड्या तरंगतात. त्यामुळे मॅच कधी ठेवायची हे आमच्या हातात नाही, ते पाणी ठरवतं.

आणखी एक नियम आहे, तो बाहेरच्यांना पटत नाही. दिवस कलला की वाळूवर कोणाला नावाने हाक मारायची नाही. पास हवा असेल तर कुकारा द्यायचा. तोंडाला हात लावून लांब ‘कू’ करायचं, होडीवरून करतात तसं. ज्याच्याकडे बॉल आहे त्याने उलट आखूड ‘कू’ करायचं, म्हणजे ऐकलं. प्रत्येकाचा कुकारा वेगळा. दिनेशचा मध्येच फाटतो, आमचा कॅप्टन अन्वर, त्याचा लांबलचक. वळून बघायची गरज पडत नाही.

एकदा तळा गावाची टीम आली. भातशेतीवाल्यांची पोरं, निम्मी मुंबईत नोकरीला, सुट्टीला घरी आलेली. नवेकोरे स्टड घालून उतरली आणि मला विचारलं, ग्राउंड कुठे आहे? मी पाण्याकडे बोट दाखवलं. त्यांना वाटलं मी फिरकी घेतोय. मग ग्राउंड वर येईपर्यंत माझ्या बाकड्यावर सोडा पीत बसली.

नावाचा नियम मी त्यांना आधीच सांगितला होता. त्यांचा कॅप्टन हसला होता. उन्हं उतरल्यावर त्याने आपल्या डिफेन्डरला ओरडून ओरडून हाका मारायला सुरुवात केली. संत्या इकडे दे, संत्या मागे हो. दोनदा काही झालं नाही. पुढच्या हाकेला संत्याने बॉल सोडला, वळला आणि पाण्याकडे चालायला लागला. पळत नाही, चिडून नाही, साधा बाजाराला निघाल्यासारखा. आम्हाला वाटलं, वाळू धुवायला चाललाय. पाणी कमरेला लागलं तेव्हा अन्वर आणि मी धावलो आणि त्याला ओढून आणला.

कॅप्टन त्याच्या अंगावर ओरडत होता, वेड लागलंय का म्हणून. संत्या त्याच्याकडे बघत राहिला.

“तूच बोलवत होतास ना,” तो म्हणाला, “तिकडून?”

तळ्याची टीम परत कधी आली नाही.

*

आता यासीन. अन्वर फेरीबोटीवर तिकिटं फाडतो. त्याची आई हलीमाखाला, म्हणजे अख्ख्या गावाची खाला, मावशी. त्यांच्या घराण्यातला इब्राहीम नावाचा एक जण फार पूर्वी बोटीने केपटाऊनला गेला. आमच्या पट्ट्यातून तिकडे बरेच गेले. इब्राहीमचं लग्न तिकडेच झालं, कबरही तिकडेच. त्याचा पणतू यासीन हा प्रोफेशनल फुटबॉलर! मिडफिल्डर! घर केपटाऊनला आणि खेळायचा शेजारच्या देशातल्या एका क्लबकडून. तो सुट्टीत इकडे येतोय असं अन्वरने सांगितल्यावर टीममध्ये नुसती धमाल. दिनेशने दाढी केली, हे ऐतिहासिकच म्हणायचं.

आम्ही लगेच मोबाईलवर त्याचं नाव टाकलं. पहिलीच क्लिप निघाली ती लोकांनी हसायला टाकलेली. भरलेलं स्टेडियम, ऊन चकचकीत, यासीनच्या पायात बॉल. जवळपास कोणी नाही. तो एकदम मान वर करतो, काहीतरी ऐकल्यासारखा, आणि उजवीकडे इतका सुंदर पास देतो की बघत राहावं. पण उजवीकडे कोणीच नाही! बॉल लाईनीबाहेर जाऊन कॅमेरेवाल्याच्या मांडीवर. मग दुसरी क्लिप, दुसरं स्टेडियम. मग तिसरी. प्रत्येक वेळी पहिल्याच हाफमध्ये आणि प्रत्येक वेळी उजवीकडे.

आम्हीही हसलो. खोटं कशाला बोलू, दिनेश तर पोट धरून हसला.

*

यासीन दुपारच्या फेरीबोटीने आला. उंच, सडसडीत, बोलायला एकदम नरम. इंग्रजी, सिनेमातली हिंदी आणि आजीकडून शिकलेले जुने कोकणी शब्द अशी त्याची मिसळ. माझ्याकडे त्याने पहिली गोष्ट मागितली ती बर्फ, घोट्याला लावायला. मला माणूस तिथेच आवडला.

खालाच्या हातची आंबोळी खाऊन तो सरळ वाळूवर आला. ओहोटी लागली होती, आमची आपापसात मॅच चालली होती. त्याने बॉल पायात घेतला आणि मग आम्हाला तो फक्त दिसत राहिला, मिळाला नाही. आम्ही हसत होतो, तोही हसत होता.

मग दिवेलागण झाली आणि त्याने मान वर केली. क्लिपमध्ये करतो तश्शीच. वळला आणि उजवीकडे पास दिला, सरळ समुद्रात. आणि मटकन वाळूवर बसला.

मी जवळ गेलो. इथेसुद्धा, म्हणाला, इथेसुद्धा आलंच. काय आलं म्हणून विचारलं तर हळूच तोंडाला हात लावून त्याने तो आवाज काढून दाखवला. लांब ‘कू’, शेवटाला वर चढणारा. स्टेडियममध्ये हेच ऐकू येतं, म्हणाला. उजव्या बाजूने. एवढ्या गोंगाटात स्वच्छ. कोणीतरी माझ्याकडे बॉल मागतंय असं वाटतं आणि पाय आपोआप जातो. डॉक्टरांनी कान तपासले, डोकं तपासलं, काही निघालं नाही. कोचने शेवटचं सांगितलं होतं की नव्या सीझनच्या पहिल्या मॅचला एक जरी असा पास गेला तर करार संपला. बावीस जण धावतात आणि वेड लागल्यासारखं तुला एकट्यालाच ऐकू येतं, असं कोच म्हणाला होता.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. कारण तो आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला होता. रोज ऐकतो. इतका रोज की लक्षातही येत नाही.

“अरे, ती आमची खाला,” अन्वर म्हणाला. “आई कुकारा देते. तो झाला की आमची मॅच संपते.”

यासीन दोन्ही हातांत तोंड घालून रडला. मला आधी वाटलं घाबरून. पण तो सुटल्यासारखा रडत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा दुसऱ्या कोणीतरी म्हटलं होतं की हो, आवाज आहे.

*

खालाच्या घरामागे खडप आहे, पाण्यात घुसलेला कातळ. रोज दिवेलागणीला ती तिथे उभी राहते आणि समुद्राकडे तोंड करून एक कुकारा देते. तिच्या आधी तिची सासू द्यायची, त्याच्या आधी सासूची सासू. आमच्याकडे लांबच्या वाटेला निघालेल्या माणसाला किनाऱ्यावरून कुकारा देतात आणि जाणाऱ्याने त्याला उत्तर द्यायचं नसतं. उत्तर दिलं तर जीव इथेच अडकतो म्हणतात. परत आला की मग द्यायचं. इब्राहीम निघाला तेव्हा त्याच्या आईने कुकारा दिला, त्याने रिवाजाप्रमाणे उत्तर दिलं नाही आणि तो परत आलाच नाही. उत्तर राहून गेलं. ते येईपर्यंत घरातल्या बाईने हाक चालू ठेवायची, एवढंच खालाला माहीत.

दिनेशने मोबाईलवर घड्याळाचा हिशोब केला. यासीनच्या मॅचेस तिकडच्या दुपारी तीनला सुरू होतात. तिकडचे तीन म्हणजे आपले साडेसहा. पहिला हाफ चालू असताना आमच्याकडे दिवेलागण!

हिशोब सांगून झाल्यावर त्याने मोबाईल खिशात ठेवला आणि म्हणाला, मी ती क्लिप बघून हसलो होतो रे.

*

यासीनने आम्हाला महिनाभर पळवलं. वाळूत पळवलं, पाण्यात पळवलं, दिनेशचा वडापाव बंद केला. आम्ही त्याला कुकारा शिकवला. नावाने हाक न मारता, वळून न बघता खेळणं त्याला फार आवडलं. तुम्ही लोक कानाने खेळता, म्हणायचा.

मग रेवदंड्याशी त्यांच्या ग्राउंडवर मॅच झाली. ती पोरं दणकट, रोज जाळी ओढणारी. दरवेळी आम्हाला धुवून काढतात. त्या दिवशी मात्र यासीन मधे उभा. कुकारा आला की त्याचा आखूड ‘कू’ आणि बॉल बरोबर पायात. अखेरीस बरोबरी असताना रेवदंड्याच्या चार जणांनी त्याला घेरलं. मागून कुकारा आला, त्याने न बघता टाचेने बॉल मारला, तो दिनेशच्या पायावर पडला आणि दिनेशने आयुष्यातला सगळ्यात चांगला गोल केला. आम्ही पहिल्यांदा रेवदंड्याला हरवलं!

रिक्षात बसताना मी दिनेशची पाठ थोपटली. म्हटलं, काय वेळेवर कुकारा दिलास!

“बाळू,” तो म्हणाला, “मी तोंडच उघडलं नव्हतं.”

*

यासीनने मला बजावलं होतं की खालाला काही सांगायचं नाही. एवढ्या म्हातारीचा रिवाज माझ्यासाठी कशाला मोडायचा, मी करीन काहीतरी, असं म्हणायचा. पण तो जायला निघाला त्या दिवशी मला त्याचं तोंड बघवेना. चौदा वर्षांचा असल्यापासून हा पोरगा दुसरं काही शिकलेला नाही. घरी आई, दोन बहिणी, सगळं त्याच्या पायांवर. आणि अन्वरची आईसमोर तोंड उघडायची हिंमत नाही. मग काय, बर्फवाल्यालाच जावं लागलं.

खाला दारात कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिला मोबाईलवर क्लिपही दाखवली. तिने ती नीट बघितली, परत लावायला सांगितली, परत बघितली.

“माजा आवाज हाय त्यो,” ती म्हणाली. “पोरानं मान कशी वर केली बग.”

मी म्हटलं, “खाला, तुम्ही थांबवाल का? त्याच्या पोटाचा प्रश्न आहे.”

तिने हातातला कोलीम परत सुपात टाकला. “पोराच्या पोटावर पाय येत असंल तर न्हाय देनार मी. आजपासून न्हाय. पन बाळ्या, तिकडून कोनी इचारलं तर काय सांगू?”

तिकडून म्हणजे कुठून, हे मी विचारलं नाही. मला वाटलं म्हातारी आपलं बोलते.

*

त्या संध्याकाळपासून खाला खडपावर गेली नाही. आमची मॅच कधी संपवायची तेच आम्हाला कळेना. अंधार पडला तरी खेळत राहायचो आणि मग ओशाळून घरी जायचो.

मग अन्वरने एक दिवस सांगितलं. दिवेलागणीला फेरीबोट दिघीहून परत येत होती, खाडीच्या मधोमध कुकारा आला. एखादी होडी अडचणीत असेल म्हणून बोटीवाल्याने वेग कमी केला, सगळे कठड्याला येऊन बघत राहिले. पाण्यावर काही नव्हतं. कुकारा मात्र लांब, शेवटाला वर चढणारा. खालाचाच, पण पुरुषाच्या गळ्यातला.

दुसऱ्या दिवशी तो आम्ही वाळूवर असताना आला. समुद्रातल्या किल्ल्याच्या बाजूने. सगळे जागच्या जागी उभे राहिले. कोणी उत्तर दिलं नाही, देणार कोण? पुढे रोज यायला लागला. कधी दिघीकडून, कधी राजपुरीकडून. जागा रोज बदलायची. आपलं घर कुठल्या गल्लीत ते विसरलेला माणूस दारोदार विचारत फिरतो ना, तसं वाटायचं. मी दुकान लवकर बंद करायला लागलो. मला भीती वाटत होती, यात लाज कसली.

खाला त्या वेळेला दार लावून आत बसायची. एकदा मी गेलो तर पदर तोंडात धरून बसली होती.

“माज्या आवाजावर किनारा वळकत व्हता त्यो बोटीनं गेलेला,” ती म्हणाली. “आता चुकला. मी एक कुकारा दिला तर येईल बरोबर. पन पोराची मॅच ऱ्हायली ना अजून.”

मी तिच्यासमोर बसलो. मीच थांबवायला लावलं होतं. आता परत दे म्हणावं तर तिकडे पोरगा बुडतो.

*

यासीनचे फोन यायचे ते खुशीत. सरावाच्या मॅचेस झाल्या, एकदाही आवाज आला नाही. कोच खूष. पहिल्या मॅचला घेतलंय. संध्याकाळच्या कुकाऱ्यांचं आम्ही त्याला सांगितलं नाही. मी, अन्वर, दिनेश, तिघांनी ठरवून सांगितलं नाही. एवढी एक मॅच होऊ दे, मग बघू.

मॅच मोबाईलवर लाईव्ह दिसणार होती. आम्ही सगळे खालाच्या घरी जमलो. अन्वरच्या बायकोने, रुबिनाने, मोबाईल डब्याला टेकवून ठेवला आणि ती आत भाकऱ्यांना गेली. खाला पाटावर. दार लावलेलं.

साडेसहाला मॅच सुरू झाली. यासीन असा खेळत होता की दिनेशच्या डोळ्यांत पाणी आलं. एकही पास वाया नाही. कॉमेंटेटर त्याचंच नाव घेत होता. नव्या करारावर शिक्का बसला म्हणून समजा, मी अन्वरला म्हणालो.

बाहेर दिवे लागले आणि कुकारा आला.

लांबून नाही. खडपावरून. घराच्या भिंतीपलीकडून. आवाज इतका जवळ की रुबिनाचा भाकरी थापायचा आवाज थांबला. आमच्यातलं कोणी हललं नाही. खालाने मोबाईलकडे बघितलं, मग दाराकडे, मग परत मोबाईलकडे. तिने दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले आणि मान हलवली. नाही म्हणून.

कुकारा परत आला. आता दाराशी.

स्क्रीनवर यासीनच्या पायात बॉल होता. समोर मोकळं मैदान, डावीकडे त्याचा माणूस धावतोय. त्याने मान वर केली. अन्वर पुटपुटला, नको, नको रे. यासीन उजवीकडे वळला. पण पास दिला नाही. बॉल पायाखाली दाबून तो नुसता उभा राहिला. समोरून दोघं त्याच्यावर धावून येत होते, कोच लाईनीवरून हात नाचवत होता. यासीनने दोन्ही हात तोंडाला लावले आणि उत्तर दिलं.

मोबाईलचा स्पीकर तो केवढा! पण घरभर ऐकू आलं.

धावून आलेल्यांनी बॉल काढून घेतला आणि पुढे जाऊन गोल केला. स्टेडियम हसत होतं. लाईनीवर यासीनच्या नंबरची पाटी वर झाली, त्याला बाहेर बोलावलं. तो मैदानाबाहेर चालत निघाला तेव्हा कॅमेऱ्याने त्याचा चेहरा जवळून दाखवला. त्याचा चेहरा शांत होता.

बाहेर काहीही आवाज नव्हता. पाण्याचासुद्धा नाही.

खाला पाटावरून उठली. दाराची कडी काढली, दार सताड उघडलं आणि एका बाजूला सरकून उभी राहिली, कोणाला आत यायला वाट द्यावी तशी. थोडा वेळ तशीच थांबली. मग दार लोटून घेतलं आणि पदराने डोळे पुसले.

“रुबिना,” तिने आत हाक दिली, “एक भाकरी जास्ती थाप.”